मी आत्मचरित्र लिहिले तर...

(गतवर्षी गणेशोत्सवात सहाव्या दिवशी, आरतीपूर्वी केलेले भाषण. बोललो तसेच लिहून दिले आहे. फार दुरुस्त्या केलेल्या नाहीत.)



पंधरा दिवसांपूर्वी आपले चिटणीस वर्गणीची पावती घेऊन माझ्या क्वार्टरवर आले. पावती फाडून झाल्यावर म्हणाले, "यंदा तुम्ही दहा मिनिटे बोला." मी म्हटले, "अहो, मी पी-वेचा माणूस. रुळांवर बोलतो, तेही गँगशी, ओरडून." ते म्हणाले, "मग स्वतःवर बोला. आत्मचरित्र लिहायचे ठरवलेत तर काय लिहाल, ते सांगा." आणि चहा संपवून निघून गेले. वर्गणीपेक्षा ही वसुली जड गेली!

खरे सांगतो, पहिले दोन दिवस मला हसू येत होते. आत्मचरित्र लिहायचे कोणी? पुढाऱ्यांनी, नटांनी, क्रिकेट खेळणाऱ्यांनी. डिप्लोमा करून रेल्वेत चिकटलेल्या माणसाने काय लिहावे? माझ्या हातून जे गद्य लिहून झाले आहे, त्याची सुरुवात "संदर्भ : आपले पत्र क्रमांक" अशी असते आणि शेवट "माहिती व पुढील कार्यवाहीसाठी सादर" असा.

मग एका माणसाची आठवण झाली. झाशीत राहणाऱ्या मराठी माणसाला ती व्हायलाच हवी. विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. १८५७ साली चुलत्यांबरोबर घरून निघाले. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचे कर्ज फिटेल एवढाच हिशेब. वाटेत बंड उभे राहिले आणि हे गृहस्थ फिरत फिरत आपल्या झाशीत, राणीसाहेबांच्या आश्रयाला येऊन राहिले. १८५८ चा वेढा त्यांनी आतून पाहिला. शहर लुटले जात असताना ते लपून बसले होते. पुढे १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे सगळे लिहून काढले. छापले गेले ते भटजी गेल्यावर, १९०७ साली. तेच 'माझा प्रवास'.

आपल्यापैकी पुष्कळांनी ते वाचले असेल. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे, आपल्याच गावाची गोष्ट आहे. मी ते पहिल्यांदा वाचले २००२ साली, बॅचलर क्वार्टरमध्ये, लाईट गेलेले असताना मेणबत्तीवर. मला त्यात काय आवडले सांगू? लढाई तर आहेच. पण हा माणूस जेवण कुठे मिळाले, कोणी लुटले, जवळ किती पैसे उरले, हेही लिहितो. आणि आपण किती घाबरलो होतो, तेही लिहितो. पंचवीस वर्षांनी लिहिताना त्याला सहज म्हणता आले असते की, मीही तटावर उभा राहिलो. कोण तपासायला जाणार होते? तो तसे म्हणत नाही.

तर माझ्या आत्मचरित्राला हा नमुना. प्रश्न असा की, सुरुवात कुठून करायची?

माझा जन्म जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचा, १९७९ चा. वडील शिंपीकाम करायचे. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गावावरून पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी जायची, आमच्याकडे तिला सगळे 'पीजे' म्हणतात. रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर. आज मी ज्या रुळांवर काम करतो त्यांची १६७६, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. अण्णा पाचोऱ्याला कापड, दोरे, बटणे आणायला जात, तेव्हा मला बरोबर नेत. गाडी इतकी सावकाश चालायची की खिडकीतून एक एक बाभूळ ओळखीची झाली होती. २०२० च्या टाळेबंदीत ती बंद पडली. सुरुवात मी तिथूनच करीन. जन्म, कुंडली, घराणे वगैरे सोडून.

पुढचा भाग थोडक्यात उरकावा लागेल, कारण तो सगळ्यांचा सारखाच असतो. दहावी, जळगावचे तंत्रनिकेतन, १९९८ ला सिव्हिलचा डिप्लोमा, तीन वर्षे ठेकेदाराकडे हजेरीपत्रके भरणे, मग रेल्वे भरती मंडळाची परीक्षा. २००१ साली ज्युनिअर इंजिनियर म्हणून झाशीला हजर झालो. तेव्हा झाशी मंडल मध्य रेल्वेत होते. मुख्यालय मुंबई. म्हणूनच तर आपल्यापैकी अर्धे लोक इथे आले! मला वाटले होते, दोन-तीन वर्षे इकडे काढू, मग भुसावळ मिळेल. भुसावळहून शेंदुर्णी काय लांब? पण १ एप्रिल २००३ ला उत्तर मध्य रेल्वे सुरू झाली, झाशी मंडल तिकडे गेले आणि मुख्यालय झाले अलाहाबाद. मी जागचा हललो नाही, माझ्या खालची रेल्वे बदलली. हे प्रकरण इथल्या कित्येकांच्या आत्मचरित्रात जसेच्या तसे येईल, शब्दाचा फरक नाही.

आता मी कामाच्या गोष्टीकडे येतो. रेल्वेतल्या माणसाचे आत्मचरित्र खरे तर ऑफिसात तयारच असते. त्याला सर्व्हिस बुक म्हणतात. मध्यंतरी माझे सर्व्हिस बुक तपासायला हातात आले. वीस वर्षांहून जास्त आयुष्य, आणि वाचायला मला वीस मिनिटे लागली. वेतनवाढ, बढती, ट्रेनिंग, कुटुंबाचे घोषणापत्र. मुलगी झाली तो दिवस एका ओळीत. एक दंडही आहे, वेतनवाढ रोखल्याचा. तो कोणामुळे झाला ते मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. आत्मचरित्रात ते नाव येणार नाही. पुस्तक वसुलीसाठी लिहायचे नसते.

पण एका ओळीपाशी माझे बोट थांबले. जानेवारी २०११. "एलएपी, १२ दिवस. खाजगी कारण." बस्स. त्याबद्दल मला आज बोलायचे आहे. त्याआधी आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे माझे म्हणणे नीट कळेल.

रुळाचे वळण तपासताना आम्ही दर दहा मीटरवर खूण करतो. मग वीस मीटर लांबीची दोरी घेऊन तिची दोन्ही टोके रुळाच्या कडेला घट्ट धरतो. दोरी सरळ राहते, रूळ वाकलेला असतो. मधोमध दोरी आणि रूळ यांत जे अंतर पडते, ते मिलिमीटरमध्ये मोजतो. त्याला व्हर्साइन म्हणतात. एक अंशाच्या वळणावर, वीस मीटरच्या दोरीला, हे अंतर भरते सुमारे २९ मिलिमीटर. तुम्ही गाडीत बसलात तर तुम्हाला गाडी वळते आहे असे कळणारही नाही. नुसत्या डोळ्याने पाहिले तर रूळ सरळ वाटतो. दोरी लावली की दिसते. आणि अमुक ठिकाणी वळण चांगले आहे म्हणून आम्ही ते सोडून देत नाही, प्रत्येक खुणेवर थांबावेच लागते.

माझी एक गोष्ट या मंडळात सगळ्यांना माहीत आहे. काही वर्षांपूर्वी याच मंडपात शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. तेव्हा ती गोष्ट माईकवरून सांगितली गेली. "वडील मृत्युशय्येवर असताना, रजा मंजूर असताना, रूळ तुटल्याची खबर येताच ज्यांनी कर्तव्याला प्राधान्य दिले..." वगैरे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

आज त्या गोष्टीला मी दोरी लावतो.

जानेवारीची रात्र, दाट धुके. संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला होता, "दादा, अण्णांना बरं नाही. तुझं नाव घेताहेत. निघ." रजा त्याच संध्याकाळी मंजूर झाली. वरिष्ठांनी अडवले नाही, उलट म्हणाले की, लगेच जा. दुसऱ्या दिवशीच्या पंजाब मेलने निघायचे ठरले. पहाटे फोन वाजला. मानिकपूर लाईनवर, बरुआसागरच्या बाजूला, रूळ तुटला होता.

थंडीत रूळ आकसतो. लांब जोडलेला रूळ, दोन्हीकडून खिळलेला, त्याला आकसायला जागा नसते. आत ताण वाढत जातो आणि एखाद्या कच्च्या वेल्डवर तो तुटतो. म्हणून थंडीत रात्रभर पेट्रोलमन फिरतात. त्या रात्री तिथे जो होता, त्याचा जोडीदार तापाने पडला होता. तो एकटाच चालत होता. त्याला फट दिसली. मार्ग एकेरी, गाडी कुठूनही यावी. त्याने तुटल्या जागी लाल बत्ती लावली आणि ज्या बाजूने मालगाडी येण्याची वेळ होती त्या बाजूला धावत सुटला. ६०० मीटरवर एक फटाका, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. हा नियम आपल्याकडचे पी-वेवाले झोपेतही सांगतील. पण धुक्यात, थंडीत, चाळिशी उलटलेल्या माणसाने खडीवरून १२०० मीटर पळणे म्हणजे काय, ते नियमात लिहिलेले नाही. शेवटचा फटाका त्याने रुळावर बांधला तेव्हा इंजिनाचा उजेड दिसत होता म्हणे. फटाके फुटले, गाडी थांबली.

मी सहाच्या सुमारास पोचलो. फिशप्लेटा लावल्या, क्लॅम्प कसले, गाड्या ताशी २० किलोमीटरने काढायला सुरुवात केली. साडेनऊला माझे काम संपले. हे वाक्य मी पुन्हा सांगतो. साडेनऊला माझे काम संपले. पंजाब मेल झाशीत यायला अजून अवकाश होता. जीप उभी होती. बॅग भरलेली होती. दुपारी वेल्डिंगसाठी ब्लॉक मिळणार होता. ते काम माझ्या हाताखालचा ज्युनिअर इंजिनियर माझ्याइतकेच चांगले करू शकत होता. तो म्हणालाही, "सर, तुम्ही निघा, मी आहे." मी म्हटले, "नको, वेल्ड माझ्यासमोर होऊ दे."

का म्हटले असेन?

दीड वर्षाआधी मी घरी गेलो होतो तेव्हा अण्णांनी विचारले होते, "बदलीचा अर्ज केला का?" मी त्यांना समजावले की, स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या रेल्वेत गेले की सीनियॉरिटी जाते, सगळ्यात खाली नाव लागते, बढती लांबते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मशीनवर पाय चालूच होता. मग म्हणाले, "मापं चांगली घेतोस तू. कापड कोणाचं ते पाहत नाहीस." मला राग आला. मी काहीतरी बोललो, ते शब्द आज इथे सांगत नाही, पुस्तकात लिहीन. त्यानंतर आमचे फोन व्हायचे ते पाऊस किती झाला आणि मनिऑर्डर पोचली का, एवढेच.

म्हणजे त्या सकाळी मला रुळाची काळजी नव्हती असे नाही. होती. पण रूळ सुरक्षित झाल्यावरही मी थांबलो, कारण मला अण्णांच्या समोर जायची भीती वाटत होती. तुटलेला रूळ मला सोपा होता. तिथे काय करायचे ते पुस्तकात दिले आहे.

अण्णा त्याच रात्री अकरा वाजता गेले. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघालो. घरी पोचलो तेव्हा अंत्यविधी उरकला होता, अग्नी चुलतभावाने दिला होता. मी राख सावडायला होतो. कोणी काही बोलले नाही. उलट मावसकाका म्हणाले, "रेल्वेची नोकरी, काय करणार बिचारा." बघा, गोष्ट तिथेच तयार झाली. मला ती बनवावीसुद्धा लागली नाही, फक्त नाही म्हणायचे राहिले. झाशीला परत आलो, सहकाऱ्यांनी तीच सांगितली. मग मीही सांगू लागलो. सांगता सांगता वेल्डिंग दुपारी दोनच्या ऐवजी सकाळीच होऊ लागले, आणि पंजाब मेल गोष्टीतून निघून गेली. माझ्या बायकोलाही मी मागच्या आठवड्यात पहिल्यांदा खरे सांगितले, या भाषणाची तयारी करताना. ती एवढेच म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुम्ही त्या दिवसाबद्दल बोलताना वेळा फार सांगता."

गोडसे भटजी तीर्थांचे पाणी कावडीतून वाहून घरी पोचले होते, आणि आईवडिलांना त्यांनी गंगेने स्नान घातले. कमाई लुटली गेली होती, पण तेवढे त्यांनी केले. मी हे पान दरवेळी लवकर उलटतो.

असो. वातावरण जड झाले. बाप्पांसमोर हे बोलावे का, असा विचार मी केला होता. पण शाल इथेच घेतली होती, तेव्हा हिशेबही इथेच द्यावा.

आता पुस्तकाच्या बाकीच्या अडचणी सांगतो. पहिली भाषेची. वीस-बावीस वर्षे इकडे काढून माझी मराठी आता 'आप' आणि 'आपण' यांच्या मधे कुठेतरी उभी आहे. माझी मुलगी इथेच वाढली. देवनागरी भराभर वाचते, अर्थ मात्र हिंदीतला घेते. कुठल्याशा धड्यात 'त्याने मित्राची चेष्टा केली' असे होते. ती म्हणाली, "बाबा, चेष्टा म्हणजे प्रयत्न ना?" शिक्षेचा घोळ तर प्रत्येक घरात झाला असेल! तेव्हा माझे पुस्तक वाचणार कोण? इंग्रजीत लिहू म्हटले तर अण्णांचे ते वाक्य इंग्रजीत कसे आणू? नाही येत. मराठीतच लिहीन, आणि तिला शेजारी बसवून वाचून दाखवीन. समासात ती काय लिहील ते लिहो.

दुसरी अडचण, कात्री कोणाची? भटजींचे लिखाण वैद्यांनी त्या काळाला सोसेल असे करून छापले. मूळ हस्तलिखिताप्रमाणे पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी काढले, तेही १९६६ साली. आमच्या घरी ही कात्री सौ.च्या हाती राहील. तिने आताच विचारले आहे, "मी कितव्या पानावर येणार?" मी म्हटले, २००५ मध्ये. तर म्हणाली, "आणि क्वार्टरचे छत गळत होते ते लिहा. मी दोन पावसाळे बादल्या बदलल्यात." लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तिने दोनदा वाचली आहेत. नवऱ्याचे काय काय लिहिता येते हे तिला पुरते ठाऊक आहे. तिने स्वतःचे लिहायला घेतले, तर माझे कोणी वाचणार नाही, ही तिसरी अडचण.

आणि चौथी, ती अडचण नाही, चूक आहे. माझ्या गोष्टीत तो पेट्रोलमन नव्हता. सत्काराच्या वेळी माईकवरून त्याचा उल्लेखही झाला नाही, कारण मी कोणाला सांगितलाच नव्हता. 'रूळ तुटल्याची खबर आली' असे मी म्हणायचो. खबर आपोआप येत नाही. ती कोणीतरी धावत आणतो. त्याला तेव्हा रेल्वेचे छोटेसे रोख बक्षीस मिळाले, आणि एक प्रमाणपत्र. तो निवृत्त होऊन बरुआसागरला असतो. गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. मी विचारले की, ती रात्र आठवते का? म्हणाला, "साहब, जूता फट गया था, वो याद है." आणि हसला. त्याच्या आत्मचरित्रात ही घटना एवढीच असावी. माझ्या पुस्तकात मात्र त्याला पूर्ण प्रकरण मिळेल, १२०० मीटरचे.

दोनशे पानी वही आणली आहे. चार पाने झाली आहेत, पीजे अजून पाचोऱ्याहून सुटायची आहे. या वेगाने सेवानिवृत्तीपर्यंत जामनेर गाठेन असे वाटते!

चिटणीस मघापासून घड्याळ दाखवत आहेत. आरतीची वेळ झाली. शेवटचे सांगतो. मी आज त्या पेट्रोलमनला आरतीसाठी बोलावले आहे. ते मागे, कनातीच्या खांबाजवळ बसले आहेत, चौकटीचा गमछा घेतलेले. त्यांना मराठी येत नाही, तेव्हा मी काय बोललो ते त्यांना कळलेले नाही. आरती झाली की प्रसाद घेता घेता हिंदीत सांगेन. इतकी वर्षे राहून गेले. अध्यक्षांना विनंती आहे की, आरतीचे तबक पहिल्यांदा त्यांच्या हातात द्यावे.

गणपती बाप्पा मोरया!